राणीफाटक

पुनरुत्थानाच्या जागरणविधीत नवा अग्नी पेटवून पास्काची मेणबत्ती अंधारलेल्या देवळात आणली जाते आणि 'एक्सुल्तेत' हे प्राचीन गीत गायले जाते. त्या गीतात मधमाश्यांचा गौरवाने उल्लेख आहे, ही गोष्ट मला साठी उलटेपर्यंत ठाऊक नव्हती. ठाऊक होण्याचे फारसे कारणही नव्हते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर जे इंग्रजी भाषांतर आमच्या कानांवर पडत आले, त्यात भाषांतरकारांनी माश्या वगळल्या होत्या. २०११ साली आलेल्या नव्या भाषांतरात त्या परत आल्या. मधली कितीतरी वर्षे मेणबत्ती तेवत होती, पण तिच्यासाठी राबणाऱ्यांचे नाव घेतले जात नव्हते. यात मला कोणाला दोष द्यायचा नाही. आपण सारेच असे वागतो. सप्टेंबरात मोतमाउलीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घरे, बाळे विकत घेऊन आपण माउलीच्या चरणी वाहतो. ते मेण बहुधा खनिज तेलापासून काढलेले असते, हे आपल्या मनातही येत नाही. माशीचे मेण तिच्या पोटाखालून पापुद्र्यांच्या रूपाने स्रवते. असे एक किलो मेण तयार व्हायला माश्यांना सहा ते आठ किलो मध खावा लागतो, असा जाणकारांचा अंदाज आहे.

हे सारे मी वाचून काढले ते माश्या पाळायला लागल्यावर. आज लिहायला बसलो आहे तो मात्र मधाविषयी सांगण्यासाठी नाही. माझ्या मेजाच्या खणात फटी पाडलेली पत्र्याची एक लहानशी पट्टी आहे. तिला राणीफाटक म्हणतात. ती पेटीच्या दारावर बसवली की कामकरी माश्या फटींतून ये-जा करू शकतात. अंगाने मोठी असलेली राणीमाशी मात्र आत अडकते. राणीला सोडून वसाहत कोठे जात नाही. म्हणजे एका माशीला अडवले की हजारो माश्या आपसूक थांबतात. गेल्या वर्षीच्या जुलैत मी हे फाटक लावले, आणि ते लावण्याचा मला अधिकार होता का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला आहे.

आमचे घर वांद्र्याच्या एका जुन्या गावठाणात आहे. रनवार, शेर्ली, चिंबई या बाजूंना अजून जी थोडी कौलारू घरे उंच इमारतींच्या पायाशी तग धरून आहेत, तसलेच एक. मागे दहा पावलांचे परसू, त्यात एक नारळ, एक शेवगा आणि बुजवलेल्या विहिरीचा कठडा. निवृत्तीनंतर हात रिकामे होते. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाचे मुख्यालय येथून तीनच स्थानके पुढे, विलेपार्ल्याला आहे. मधमाशीपालन हा आयोगाचा जुना विषय. १९६२ पासून पुण्यात त्यासाठी मध्यवर्ती संशोधन व प्रशिक्षण संस्था चालते. पुस्तिका मिळवल्या, वाचल्या आणि सातारा जिल्ह्यातल्या डोंगरातील एका मधपाळाकडून पाच चौकटी भरून सातेरी माश्या फेब्रुवारीत घरी आणल्या. महाबळेश्वरला राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे, आणि जवळचे मांघर हे गाव २०२२ साली देशातले पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. तेव्हा माश्या त्याच मुलखातल्या हव्यात, अशी माझी नवशिक्याची समजूत. थंड डोंगरावरची वसाहत समुद्रकाठच्या दमट उकाड्यात आणून ठेवताना तिला काय वाटेल, हा विचार मी केला नव्हता. ज्याला पाळायचे त्याला विचारण्याची सोय नसते. म्हणून त्याच्या वतीने आधी विचार करणे हे पाळणाऱ्याचे काम असते. ते माझ्याकडून राहिले.

सातेरी ही आपली देशी माशी. इमारतींच्या सज्जांखाली भलेमोठे पोळे टांगणारी आग्या माशी वेगळी, झुडपातली इवली फुलोरी वेगळी. या दोघी उघड्यावर एकच पोळे बांधतात आणि पेटीत नांदत नाहीत. सातेरी मात्र अंधाऱ्या ढोलीत समांतर पोळी बांधते, म्हणून तिला पेटी मानवते. युरोपीय माशी आपल्या देशात यशस्वीपणे रुजली ती १९६२ नंतर; ती मध जास्त देते आणि पेटीला चिकटूनही राहते. सातेरीचा स्वभाव निराळा आहे. अन्न तुटले, मुंग्या शिरल्या, कोणी वरचेवर त्रास दिला, की सगळी वसाहत एके सकाळी उठून चालू लागते. लाखो वर्षे तिने याच उपायाने आपला जीव वाचवला असावा. पुस्तकांत मात्र या गुणाची नोंद दोष म्हणून केलेली आढळते. आपल्याला सोडून जाण्याची ज्याला मुभा आहे, त्याच्या स्वभावात आपल्याला दोष दिसतो.

पहिल्या महिन्यातच मुंगळे आले. घोडीच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या असतात, त्यांतले पाणी मी आटू दिले होते. पण त्याहून मोठी चूक कुतूहलाची. मी रोज पेटी उघडत असे. राणी दिसते का, अंडी घातली का, मध किती भरला, हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नसे. मधपाळाला फोनवर हे मोठ्या उत्साहाने सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "साहेब, घरात पाहुणा आला की पहिले आठ दिवस त्याला नुसतं बसू द्यावं. सारखं उठून पान-पाणी विचारलं, तर तो उठून जातो."

येथे एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. माश्यांशी आपल्या धर्मगुरूंचा संबंध मोठा आहे. सातेरीसाठी लहान आकाराची पेटी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तिरुचिरापल्लीकडे फादर न्यूटन यांनी रूढ केली, आणि दक्षिणेत ती अजून त्यांच्याच नावाने ओळखली जाते. सायलेशियातले फादर योहान झिएर्झोन यांनी १८४५ साली दाखवून दिले की नर माश्या फलन न झालेल्या अंड्यांतून जन्मतात. हेच झिएर्झोन पुढे पोपच्या अस्खलनशीलतेचा सिद्धान्त मान्य करीनात, म्हणून १८७३ साली चर्चबाहेर गेले आणि १९०५ साली, वयाच्या नव्वदीनंतर, परत आले. इंग्लंडमधल्या बकफास्ट मठाचे ब्रदर अॅडम कोवळ्या वयात मधुशाळेत कामाला लागले, आणि लवकरच, १९१६ च्या साथीत, मठाच्या ४६ वसाहतींपैकी १६ उरल्या. त्यांनी त्या सोळांतून पुढची पैदास केली आणि १९९६ साली देह ठेवीपर्यंत ते माश्यांचेच होऊन राहिले. माझ्यासारख्या नवशिक्याने अशी नावे उशाशी घेऊन झोपावे आणि सकाळी उठून वाटीतले पाणी तपासावे, हे बरे.

मार्च-एप्रिल चांगले गेले. नारळाचे परागकण बारमाही असतात. शेवगा, करंज, जांभूळ फुलली. सातेरी पोळ्यापासून सुमारे एक-दीड किलोमीटरपर्यंत फिरते. म्हणजे आमच्या परसातली माशी कार्टर रोडच्या तिवरांपर्यंत जाऊन येत असेल, या विचाराने मला उगीच अभिमान वाटे. वरच्या मधकोठीत मध साठला. मधपाळाने बजावले होते की पहिल्या वर्षी त्याला हात लावू नका, ती त्यांची पावसाळ्याची शिदोरी आहे. मी हात लावला. एप्रिलच्या अखेरीस दोन किलोच्या आसपास मध निघाला. अकरा लहान बाटल्या भरल्या, त्यांवर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठ्या डकवल्या. एक धर्मग्रामाच्या फादरांना दिली, एक गायकवृंदाच्या बाईंना, उरलेल्या आप्तेष्टांना आणि शेजाऱ्यांना. रविवारच्या मिस्सानंतर देवळाच्या आवारात लोक थांबून मधाची स्तुती करीत. मध सापडला तर बेताने खा, असा इशारा नीतिसूत्रांत आहे. तो मला तोंडपाठ होता. पण तो खाणाऱ्यासाठी आहे असे मी धरून चाललो, आणि मी तर वाटत होतो. आपला लोभ दानाच्या वेषात आला की ओळखू येत नाही. त्या अकरा बाटल्यांतला थेंबन् थेंब दुसऱ्याचा होता आणि आभार मात्र माझे मानले जात होते.

जूनमध्ये पाऊस लागला. मुंबईच्या पावसात माशीला बाहेर पडता येत नाही आणि पडली तरी फुलांतला मकरंद धुऊन गेलेला असतो. जूनच्या अखेरीस एके सकाळी पेटीच्या फळीवर पांढऱ्या अळ्या पडलेल्या दिसल्या. माझे धाबे दणाणले. 'थाई सॅकब्रूड' या विषाणूविषयी मी वाचले होते. त्या रोगात अळी कोषात जाण्याआधीच मरते आणि तिची कातडी पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी होते. १९९१-९२ च्या सुमारास ही साथ दक्षिणेत पसरली तेव्हा केरळ, कर्नाटक आणि तमिळनाडूतल्या बहुसंख्य सातेरी वसाहती नष्ट झाल्या; कितीतरी कुटुंबांचा जोडधंदा एका हंगामात बुडाला. या रोगावर औषध नाही. मी चिमट्याने अळ्या उचलून भिंगाखाली पाहिल्या, फोटो काढून मधपाळाला पाठवले. त्याचे उत्तर आले: रोग नाही, भूक आहे. उपासमार होऊ लागली की माश्या आधी पिलावा, म्हणजे अंडी-अळ्या, कमी करतात. पोसता येणार नाहीत त्या अळ्या स्वतः बाहेर टाकतात.

मला त्या क्षणी रोग परवडला असता. रोग कोठून तरी येतो. ही भूक मी अकरा बाटल्यांत भरून गावभर वाटली होती.

मग घाईने साखरेचा पाक केला आणि भर दुपारी पेटीत ठेवला, ठेवताना बाहेर सांडलाही. पाक संध्याकाळी, दिवस मावळल्यावर द्यायचा असतो हे मला ठाऊक होते. घाबरलेल्या माणसाला ठाऊक असलेले आठवत नाही. वासाने कोठल्यातरी दुसऱ्या वसाहतीच्या माश्या आल्या आणि दारात लुटालूट सुरू झाली. त्याच आठवड्यात डासांसाठी गल्लीत धूरफवारणी झाली. शेजारच्या इमारतीतल्या एका मुलाला माशी चावली आणि त्याची आई तक्रार घेऊन आली. तिचे काही चुकले नव्हते. चौकटी बाहेर काढल्या तर दोन पोळ्यांत मेणकिड्याची जाळी. मेणकिडा भरलेल्या, सशक्त वसाहतीत टिकत नाही. माश्या त्याला हाकलतात. तो शिरतो ते माणसे कमी झालेल्या घरात. आणि राणीने अंडी घालणे थांबवले होते. वसाहतीने जायचे ठरवले की हीच खूण असते: नवी पिढी घ्यायची नाही, आहे ती उडती झाली की निघायचे.

तेव्हा मी राणीफाटक काढले आणि दारावर बसवले. त्यात गैर काही नव्हते. नवी वसाहत आणली की पहिले काही दिवस ते लावतातच. पुस्तिकांत तसे लिहिलेले आहे. मन शांत झाले. त्या रात्री मी नीट झोपलो, हे मला येथे नोंदवून ठेवले पाहिजे.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सलग चार दिवसांच्या पावसानंतर ऊन पडले. साडेनऊच्या सुमारास पेटीतून माश्यांचा लोंढा बाहेर आला. नारळाच्या शेंड्याएवढ्या उंचीवर त्यांचा भोवरा फिरू लागला, मग शेवग्याच्या फांदीवर त्यांनी घोस केला. पंधरा-वीस मिनिटे त्या वाट पाहत राहिल्या. राणी आली नाही. घोस विस्कटला आणि एकेक करून त्या परत आत शिरल्या. दुसऱ्या दिवशी तसेच झाले, तिसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी मी फळीशी डोळा लावून पाहिले. फाटकाच्या आतल्या अंगाला राणी या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होती, प्रत्येक फटीत डोके घालून पाहत होती. तिच्या पंखांच्या कडा विरल्या होत्या.

मी फाटक उपटून काढले. चौथ्या दिवशी सकाळी त्या गेल्या, समुद्राच्या दिशेने, इमारतींच्या वरून. दहा मिनिटांत पेटी निर्जन झाली.

वाचकहो, ही सुटकेची गोष्ट आहे असे समजू नका. ऐन जुलैत, पोटात जेमतेम मध असलेली, संख्येने रोडावलेली वसाहत बाहेर पडली तर ती तगण्याचा संभव थोडाच असतो. मी त्यांना मुक्त केले असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कदाचित मरायला पाठवले असेल. फाटक राहू दिले असते, रोज दिवेलागणीला शांतपणे पाक दिला असता, किडलेली पोळी काढून वसाहत दोन चौकटींवर आवळली असती, तर त्या सप्टेंबरपर्यंत तरल्याही असत्या. म्हणून मी मधपाळाला विचारले, "फाटक लावलं हेच चुकलं ना?" तो थोडा थांबून म्हणाला, "फाटक नाही चुकलं, साहेब. फाटक लावून तुम्ही निर्धास्त झालात, ते चुकलं."

या वाक्याने मला अधिक अस्वस्थ केले, कारण आमच्या घरात आणखी एक दार बंद असते.

माझी आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. चार वर्षांपासून तिला स्मृतिभ्रंश आहे. रोज दुपारी चारच्या सुमारास ती उठते, पदर सावरते आणि म्हणते, "मना घरा जायचंय." घर म्हणजे गोराईचे माहेर, ते विकले गेले त्याला आता तीस वर्षे झाली. दोन वर्षांपूर्वी ती एकदा खरोखरच निघाली आणि हिल रोडच्या वाहतुकीत, अनवाणी, एका अनोळखी माणसाला सापडली. त्याने आमच्या आधी तिच्या गळ्यातल्या पदकावरची माउली ओळखली आणि तिला देवळात आणून बसवले. तेव्हापासून आम्ही दाराला वरची कडी लावतो. ती कडी लावणे योग्य आहे याविषयी माझ्या मनात शंका नाही, आजही नाही. स्वातंत्र्याच्या नावाने ती काढून टाकणारा मुलगा मला दयाळू वाटणार नाही.

पण जुलैनंतर मी स्वतःला विचारले, कडी लावल्यापासून चार वाजता आपण काय करतो? उत्तर सोपे होते: काहीच नाही. पूर्वी ती उठली की कोणीतरी धावत असे, तिच्याशी बोलत असे, वळसा घालून तिला चिंबईच्या किनाऱ्यापर्यंत नेत असे. कडी आल्यावर धावण्याची गरज संपली. ती दाराशी जाते, कडीकडे पाहते, दार हलवते, परत येऊन बसते, पुन्हा उठते. आम्ही आतल्या खोलीत आपापल्या कामात असतो, कारण ती सुखरूप आहे. राणी फाटकाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत होती ते दृश्य मी पूर्वी कोठे पाहिले होते, हे मला तेव्हा उमगले.

दार उघडे असते तोवर आतल्याचे थोडेफार उत्तरदायित्व त्याच्याकडेच असते. भूक लागली तर तो जाऊ शकतो. आपण दार बंद केले की तो भार पूर्णपणे आपल्या अंगावर येतो: त्याची भूक, त्याची भीती, त्याचा कंटाळा, सारे. बंद करण्याचा अधिकार कधीकधी असतो, कर्तव्यही असते. मात्र आपण उलटे करतो. बंद केल्यावर आपल्याला हलके वाटते, आणि त्या हलकेपणालाच आपण काळजी समजतो.

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात परमेश्वराने माणसाला बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करायला. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात या वचनाचा उलगडा केला आहे आणि माणसाला सृष्टीवर निरंकुश सत्ता दिली गेली, हा अर्थ त्यांनी नाकारला आहे. बायबलच्या अभ्यासकांकडून मला समजले की येथे 'राखण' या अर्थी जो हिब्रू शब्द आहे, त्याच धातूचा शब्द दोन अध्यायांनंतर काइन उच्चारतो. भावाचा खून करून आल्यावर तो विचारतो की मी काय माझ्या भावाचा राखणदार आहे? बागेची राखण आणि भावाची राखण, एकच शब्द. मराठीत तर 'राखणे' या क्रियापदाला दोन्ही अर्थ आहेत, जपणे आणि आपल्यापाशी ठेवून घेणे. आपली सारी गफलत या दोन अर्थांच्या मधल्या जागेत होते.

माश्या पाळणाऱ्यांचे पाठीराखे संत अॅम्ब्रोझ. ते तान्हे असताना माश्यांचा थवा त्यांच्या ओठांवर बसून त्यांना न डसता निघून गेला, अशी आख्यायिका आहे. मिलानच्या या बिशपांनी ३८७ साली ज्याला स्नानसंस्कार दिला त्या ऑगस्टीनला त्याच्या आईने, मोनिकाने, असेच धरून ठेवू पाहिले होते. कार्थेजच्या किनाऱ्यावर तो तिला खोटे सांगून रात्री गलबताने निघून गेला आणि ती जवळच्या देवळात प्रार्थना करीत राहिली. हे त्यानेच आपल्या 'कबुलीजबाबा'त लिहून ठेवले आहे. त्याच्याही आधी एका बिशपाने तिला सांगितले होते की त्याला सध्या सोडून दे, त्याच्यासाठी प्रार्थना कर. सोडून दे आणि प्रार्थना कर, ही दोन्ही कामे एकदम करायची असतात. आम्हाला बहुधा एकच जमते. पण मोनिका तेथे थांबली नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. समुद्र ओलांडून ती त्याच्या मागे मिलानला गेली. तिच्या हाती फाटक उरले नव्हते, तेव्हा ती स्वतः चालत निघाली. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला बापही मुलाला अडवत नाही, वाटणी मोजून देतो. पण तो पुत्र दूर असतानाच त्याला दिसतो, म्हणजे बाप वाटेकडे डोळे लावून होता. मी मात्र पेटी रिकामी झाल्यावर दोन दिवस परसाकडे फिरकलो नाही.

आणखी एक दार आहे, त्याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरी दूरच्या मुलखातून आलेली, बहुधा आपल्याच धर्माची, एखादी तरुण मुलगी कामाला राहते. तिच्या आईबापांना आपण शब्द दिलेला असतो, म्हणून आपण तिला एकटी बाहेर सोडत नाही. शहर वाईट आहे, हे खरेच आहे. काही घरांत तिचा फोनही मालकिणीच्या कपाटात असतो. मी यावर न्याय द्यायला बसलेलो नाही. एवढेच विचारतो की ज्या दिवशी ती कडी लावली त्या दिवसापासून तिचे एकटेपण, तिची भाषा बोलणारे माणूस, तिचा रविवार, या सगळ्याचा हिशेब कोणाच्या खात्यावर लिहिला जातो? सुरक्षितता दिली म्हणून बाकीचे देणे फिटते का? पापनिवेदनाला जाताना आपण केलेल्या गोष्टी आठवतो. दार लावून घेतल्यावर जे करायचे राहिले, ते यादीत येत नाही. माझ्या यादीत तरी येत नसे.

आईच्या दाराची कडी अजून आहे. चार वाजता मात्र आता घरातला एकजण मोकळा असतो. आम्ही तिच्याबरोबर 'घरी' निघतो. कधी सेंट अँड्र्यूजच्या आवारातल्या जुन्या क्रुसापर्यंत, कधी नुसते गल्लीच्या टोकापर्यंत. अर्ध्या वाटेवर आपण कोठे चाललो आहोत ते ती विसरते आणि आपणहून वळते. कधी वळत नाही, रडते. काही दिवस आम्हालाही जमत नाही आणि कडीच तेवढी काम करते.

या फेब्रुवारीत मी पुन्हा वसाहत आणली, या वेळी पालघरकडच्या सपाटीवरची, जिला आमची हवा परकी नाही. पहिले आठ दिवस राणीफाटक लावावे लागले. नवव्या दिवशी काढून खणात ठेवले. फेकून दिलेले नाही. मध या वर्षी काढलेला नाही, आणि देवळाच्या आवारात त्याविषयी विचारणा होते तेव्हा मला अजून थोडे अवघडल्यासारखे होते. मेची अखेर आहे, आभाळ भरून येऊ लागले आहे, साखर आणून ठेवली आहे. संध्याकाळी परसात खुर्ची टाकून आई पेटीच्या दाराकडे पाहत बसते. माश्यांची घरी परतण्याची घाई चाललेली असते. काल तिने विचारले, "ही कोनाची पोरां रे एवढी?" मी म्हणालो, इथेच राहतात. तिला ते पटले. थोड्या वेळाने तिने पदर सावरला आणि आपण कधी निघायचे ते विचारले, आणि मी चपला शोधायला उठलो.